शंभर किलोमीटर आत: हॅम्बुर्गने आपल्या बंदराचा निम्मा वाटा का विकला?

३ फेब्रुवारी २०१६ ची संध्याकाळ. चारशे मीटर लांबीचे 'सीएससीएल इंडियन ओशन' हे कंटेनर जहाज एल्बे नदीतून हॅम्बुर्गकडे निघाले होते. श्टाडे गावाच्या आसपास सुकाणूने दगा दिला आणि एकोणीस हजार कंटेनर पोटात घेऊ शकणारे ते धूड जलमार्ग सोडून काठाजवळच्या गाळात रुतले. टग आले, ओढून पाहिले. पुढच्या भरतीला पुन्हा ओढून पाहिले. जहाज हलेना. मग जहाजातले हजारो टन इंधन आणि तोलासाठी भरलेले पाणी उपसून काढले, भोवतालचा गाळ ड्रेजरने खरवडला, आणि सगळे वाट बघत बसले. कशाची? अमावास्येची. ८ फेब्रुवारीला अमावास्या होती. ९ तारखेच्या पहाटे उधाणाची भरती आली, बारा टगांनी एकदम जोर लावला आणि जहाज सुटले.

कोकणातल्या कुठल्याही नाखव्याला यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. नवल एवढेच, की जर्मनीतले सर्वांत मोठे बंदर, दिवसाला शेकडो मालगाड्या हलवणारे, चालकाविना धावणाऱ्या गाड्यांनी कंटेनर वाहणारे, तेही शेवटी अमावास्या-पौर्णिमेच्या हिशेबावरच चालते. हॅम्बुर्ग समुद्रकाठी नाही. ते उत्तर समुद्रापासून शंभर किलोमीटरहून थोडे अधिक आत, नदीकाठी वसले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर हे खाडीतले बंदर. शहराचे आठशे वर्षांचे वैभव या शंभर किलोमीटरांनी दिले आणि आजची चणचणही त्यांनीच दिली.

या लेखाचा विषय असलेले प्रकरण १३ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाले. त्या दिवशी हॅम्बुर्गच्या सरकारने जाहीर केले, की बंदरातली मुख्य कंपनी 'एचएचएलए' हिचा ४९.९ टक्के हिस्सा जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर कंपनीकडे, म्हणजे जिनिव्हाच्या 'एमएससी'कडे जाईल. शहराकडे ५०.१ टक्के राहतील. बंदर म्हणजे आपली ओळख असे पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्या शहराला हा धक्का होता. सरकार या निर्णयाशी कसे पोचले हे समजायचे तर आधी शहर समजून घ्यावे लागेल.

आधी बंदर, मग शहर

हॅम्बुर्ग हे सुमारे १९ लाख वस्तीचे, बर्लिननंतरचे जर्मनीतले दुसरे मोठे शहर. पण ते नुसते शहर नाही, स्वतंत्र राज्यही आहे. इथला पहिला महापौर म्हणजे मुख्यमंत्रीच. 'स्वतंत्र आणि हान्झा नगर' हे बिरूद अजूनही अधिकृत नावात आहे. हान्झा म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांची मध्ययुगीन जूट. १२४१ मध्ये हॅम्बुर्ग आणि ल्युबेक यांनी एकमेकांशी केलेला करार हा तिच्या पायाच्या दगडांपैकी एक.

बंदराचा वाढदिवस ७ मे ला साजरा होतो. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११८९ मध्ये एल्बेवरच्या जकातीतून सूट दिली, त्या सनदेचा हा दिवस. इतिहासकारांनी ही सनद नंतरच्या काळात बनवलेली ठरवली आहे, तरी वाढदिवस थाटातच होतो. मला यात गैर वाटत नाही. बनावट का होईना, आपल्या बंदराचा हक्क कागदावर असला पाहिजे याची जाण त्या व्यापाऱ्यांना तेव्हाही होती.

शहर आधी कोणाचे ऐकते हे सांगणाऱ्या इतिहासातल्या दोन गोष्टी या प्रकरणासाठी महत्त्वाच्या आहेत.

पहिली १८८८ ची. जर्मन साम्राज्य एक झाले तरी हॅम्बुर्ग जकातीच्या बाबतीत बाहेरच होते. बिस्मार्कने दबाव आणला, आणि शहराने जकात संघात सामील होताना बदल्यात एक मुक्त बंदर मिळवले: त्या कुंपणाच्या आत माल उतरवा, साठवा, निवडा, पुन्हा पाठवा, जकात नाही. त्यासाठी गोदामे हवी होती. केरवीडर आणि वांड्राम या बेटांवरची वस्ती उठवली गेली. सुमारे वीस हजार माणसे बेघर झाली आणि त्या जागी लाल विटांची, कालव्यांच्या पाण्यातून सरळ वर उठणारी गोदामनगरी उभी राहिली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रस्ता. तराफ्यातून कॉफीची पोती साखळीने वर ओढायची आणि दुसऱ्या दाराने गाडीत भरायची. कॉफी, चहा, कोको, मसाले, गालिचे. ही 'श्पायखरश्टाट' २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मुक्त बंदर मात्र १ जानेवारी २०१३ ला संपले. युरोपची बाजारपेठ एक झाल्यावर त्या कुंपणाला अर्थ उरला नव्हता.

दुसरी गोष्ट १८९२ ची, आणि ती वाचताना अजूनही मन कळवळते. त्या उन्हाळ्यात कॉलरा आला. शहर एल्बेचे पाणी न गाळता पीत होते. गाळणी बांधण्याचे काम वर्षानुवर्षे खर्चापायी रेंगाळले होते. शेजारचे आल्टोना तेव्हा वेगळे शहर होते आणि तिथे वाळूच्या थरांतून पाणी गाळले जाई. हद्दीवरच्या रस्त्याच्या एका बाजूला माणसे पटापट मरत होती, दुसऱ्या बाजूला जवळपास कोणी नाही. साथ जाहीर करायलाही उशीर केला, कारण जाहीर केले की बंदर बंद पडणार. बर्लिनहून जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख येऊन थडकले तेव्हा कुठे हालचाल झाली. आठ हजार सहाशेहून अधिक लोक गेले. व्यापारी हेच सरकार असले की काय होते, याचा हा धडा शहराने नंतर मनावर घेतला. तरी बंदराला धक्का लागेल असा निर्णय घेताना इथले हात आजही थरथरतात.

आजची अर्थव्यवस्था केवळ बंदरावर उभी नाही, हेही सांगायला हवे. फिंकेनवेर्डरला एअरबसचा मोठा कारखाना आहे. ए-३२० घराण्यातली विमाने तिथे जोडली जातात. विमानांच्या देखभालीत लुफ्तान्सा टेक्निकचे मुख्यालय इथेच आहे. निव्हिया क्रीम बनवणारी बायर्सडॉर्फ, टपालाने माल विकत मोठी झालेली ओटो, कॉफीवाली त्शिबो, तांबे गाळणारी ऑरुबिस, 'श्पीगल' आणि 'त्साइट' ही साप्ताहिके, सगळे हॅम्बुर्गचे. दरडोई उत्पन्नात हे राज्य जर्मनीत अव्वल आहे. पण बारकाईने पाहिले तर यातल्या बऱ्याच धंद्यांच्या मुळाशी धक्काच सापडतो. कॉफी बंदरातून आली, तांब्याचे खनिज बंदरातून आले, आणि एअरबसच्या विमानांचे मोठाले भागही पाण्यावरून येतात.

आत असण्याचा नफा

समुद्रातून माल नेणे सर्वांत स्वस्त, रेल्वे त्याहून महाग, ट्रक सर्वांत महाग. म्हणून जहाज जितके आत येईल तितके मालवाल्याचे पैसे वाचतात. रॉटरडॅमला उतरलेला कंटेनर प्रागला न्यायचा तर जमिनीवरून लांबचा पल्ला आहे. हॅम्बुर्गहून तो पल्ला बराच कमी होतो. झेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया, हंगेरी, पूर्व जर्मनी, बव्हेरिया हा हॅम्बुर्गचा खरा मुलूख. युरोपातले सर्वांत मोठे रेल्वे-बंदर म्हणून त्याची ओळख आहे. बंदराच्या आतच सुमारे ३०० किलोमीटर रूळ आहेत, रोज दोनशेच्या आसपास मालगाड्या सुटतात-येतात आणि जमिनीकडे जाणाऱ्या कंटेनरांपैकी जवळपास निम्मे रेल्वेने जातात. एवढा वाटा रॉटरडॅमला किंवा अँटवर्पला जमलेला नाही.

दुसरा फायदा बाल्टिकचा. एल्बेच्या मुखाजवळ ब्रुन्सब्युटेलला कील कालव्याचे दार आहे. १८९५ मध्ये खुला झालेला हा कालवा डेन्मार्कचा वळसा वाचवतो. चीनहून आलेला माल हॅम्बुर्गला छोट्या जहाजांत चढवायचा आणि कालव्यातून स्वीडन, फिनलंड, पोलंड, रशियाला पाठवायचा, असा धंदा अनेक वर्षे जोरात चालला.

या मुलखाशी असलेले नाते किती जुने आहे याची एक खूण बंदरातच आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने समुद्रकिनारा नसलेल्या चेकोस्लोव्हाकियाला हॅम्बुर्ग बंदरात जागा देण्याची अट घातली. १९२९ मध्ये ९९ वर्षांचा भाडेपट्टा झाला. तो २०२८ ला संपतो. देश फुटला, दोन राजवटी गेल्या, पण 'मोल्डाउहाफेन' नावाच्या त्या गोदीवर अजूनही झेक राज्याचा हक्क आहे. मोल्डाउ म्हणजे प्रागमधून वाहणारी व्ल्टावा. तिचे पाणी एल्बेत येते आणि एल्बेचे पाणी हॅम्बुर्गला. एचएचएलएच्या हाती असलेली प्रागची 'मेट्रान्स' ही रेल्वे कंपनी याच वाटेवर चालते. माझ्या मते या सौद्यात एमएससीला धक्क्यांइतकीच, कदाचित जास्तच, हवीशी वाटलेली वस्तू म्हणजे ही मेट्रान्स. धक्का कुठेही बांधता येतो, पण मध्य युरोपभर पसरलेल्या गाड्या आणि डेपो एका रात्रीत उभे राहत नाहीत.

आणि तोटा

३१ मे १९६८ ला 'अमेरिकन लान्सर' हे पहिले पूर्ण कंटेनर जहाज बुर्खार्डकाइ धक्क्याला लागले. तेव्हापासून जहाजे फुगत गेली. आज ४०० मीटर लांब, ६१ मीटर रुंद, चोवीस हजार कंटेनरांची जहाजे आहेत. पूर्ण भरली की त्यांचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालचा भाग, सोळा मीटरच्या घरात जातो. एल्बेत तेवढे पाणी नाही.

इथे भरती-ओहोटीचे गणित समजून घेण्यासारखे आहे. समुद्राकडून येणारे जहाज भरतीच्या लाटेसोबत वर चढू शकते. लाट पुढे सरकते, जहाजही सरकते, पोटाखाली पाणी राहते. खरी पंचाईत परतताना होते. हॅम्बुर्गहून भरती टिपेला असताना निघाले तरी खाली जाता जाता जहाजाला समोरून येणारी ओहोटी भेटतेच. म्हणून मोठ्या जहाजाला निघायला अगदी थोडा अवधी मिळतो. तो चुकला की पुढची भरती, म्हणजे साधारण बारा तास. धक्का अडतो, मागचे जहाज अडते, वेळापत्रक कोलमडते. शिवाय नदी अरुंद. दोन जहाजांची रुंदी मिळून ९० मीटरच्या वर गेली तर ती समोरासमोर ओलांडू शकत नसत. एक थांबणार, मग दुसरे जाणार.

यावर शहराचा उपाय एकोणिसाव्या शतकापासून एकच: नदी खोल करा. आताची खोदाई नववी मानली जाते. तिचा अर्ज २००७ चा. २०१२ मध्ये मंजुरी मिळाली, आणि बुंड व नाबू या दोन पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या. लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने काम थांबवले. ९ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात न्यायालयाने प्रकल्प तत्त्वतः मान्य केला, पण त्रुटी दुरुस्त करा म्हणून बजावले. त्यातली एक त्रुटी एका रोपाविषयी होती. 'शीअरलिंग्स-वासरफेन्शेल' नावाचे हे रोप कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातले. जगात ते फक्त एल्बेच्या भरतीच्या पट्ट्यात, गोड्या पाण्याच्या चिखलात उगवते. त्याच्यासाठी पुरेशी बदली जागा द्या, असे कोर्ट म्हणाले.

तेव्हा अनेकांनी त्या रोपाची टर उडवली: एका गवतापायी अब्जावधींचे बंदर अडले म्हणून. मला तो उपहास पटत नाही. ते रोप जिथे उगवते ती जागा म्हणजे भरतीचे पाणी पसरून शांत होण्याची जागा. बांध घालून, खाचरे भरून, धक्के बांधून अशा जागा शहराने शतकभर गिळल्या. रोप दुर्मीळ झाले ते त्यामुळे. आणि बंदर ज्या गाळाने हैराण आहे तो गाळही त्यामुळेच वाढला.

कसा, ते असे. नदी जितकी खोल आणि सरळ, तितकी भरती आत जोरात घुसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली धक्क्याशी भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटर होता. आता तो साडेतीन मीटरहून जास्त आहे. भरती थोडा वेळ पण जोरात येते, ओहोटी जास्त वेळ पण मंद गतीने उतरते. जोराचे पाणी गाळ उचलून वर आणते, मंद पाण्याला तो सगळा परत नेता येत नाही. दर दिवसाला दोनदा चालणारा हा पंप आहे. वरून पावसाचे पाणी कमी आले, जसे कोरड्या वर्षांत होते, तर गाळ गोद्यांमध्येच बसतो. म्हणजे गाळ काढण्यासाठी खोदावे, आणि खोदल्यामुळे गाळ वाढावा. सोपारा, चौल यांचे नाव ज्याने ऐकले आहे त्याला खाडी भरणे म्हणजे काय ते माहीत आहे. फरक एवढाच, की तिथली बंदरे थांबली आणि हॅम्बुर्ग थांबायला तयार नाही.

खोदाई २०१९ च्या उन्हाळ्यात सुरू झाली. सुमारे चार कोटी घनमीटर माती निघाली. वेडेलजवळ नदी ३८५ मीटरपर्यंत रुंद करून मोठ्या जहाजांना एकमेकांना ओलांडण्याची जागा केली. जानेवारी २०२२ मध्ये नवी खोली पूर्णपणे खुली झाली: भरतीची वाट न पाहता साडेतेरा मीटर ड्राफ्ट, भरती साधून साडेचौदा. पंधरा वर्षांच्या भांडणाचे फळ. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जलमार्ग खात्याने कळवले, की गाळ इतका बसला आहे की वाढवलेली खोली टिकवता येत नाही. परवानगी असलेला ड्राफ्ट जवळपास मीटरभर कमी करावा लागला. जे कमावले ते वर्षभरात गाळाने परत घेतले.

एव्हलगोनच्या वाळूच्या काठावर या सगळ्याची एक मूक खूण पडली आहे. १९९९ मध्ये आधीच्या खोदाईच्या वेळी ड्रेजरला तळाशी एक खडक लागला. २१७ टन वजनाचा, हिमयुगात बर्फाने दक्षिण स्वीडनमधून ढकलत आणलेला. तो उचलून काठावर ठेवला आणि त्याचे नाव पडले 'आल्टर श्वेडे', म्हातारा स्वीडिश. उन्हाळ्यात मुले त्यावर चढतात, आईबाप वाळूत चटई टाकून बसतात आणि समोर, नदीपलीकडे, बुर्खार्डकाइच्या क्रेन रात्रंदिवस चालू असतात. मोठे जहाज गेले की काही क्षण काहीच होत नाही, मग अचानक लाट येऊन चपला भिजवते.

शेजारी पुढे गेले

२००७ मध्ये हॅम्बुर्गने सुमारे ९९ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरांच्या हिशेबात तेवढे डबे, हाताळले. रॉटरडॅम १ कोटी ८ लाखांवर होते आणि अँटवर्प ८२ लाखांवर. म्हणजे अँटवर्प मागे होते आणि रॉटरडॅम अगदी टप्प्यात. २०२४ मध्ये रॉटरडॅम १ कोटी ३८ लाखांवर, अँटवर्प-ब्रुझ १ कोटी ३५ लाखांवर, आणि हॅम्बुर्ग ७८ लाखांवर. सतरा वर्षांत दोघे वर गेले, हा खाली आला.

दोष सगळा नदीचा नाही. २००८ च्या मंदीने चीनचा व्यापार आपटला आणि हॅम्बुर्गइतके चीनवर विसंबलेले बंदर युरोपात क्वचितच. पोलंडच्या ग्दान्स्कला मोठी जहाजे थेट जाऊ लागली, त्यामुळे बाल्टिकचा जोडधंदा सुटला. २०१४ नंतर आणि पुन्हा २०२२ नंतर रशियावरच्या निर्बंधांनी सेंट पीटर्सबर्गची वाट आटली.

पण मला सर्वांत जास्त सलतो तो एक जुना निर्णय. विल्हेल्म्सहाफेनला, थेट समुद्राला लागून, अठरा मीटर खोलीचे नवे बंदर बांधायची कल्पना लोअर सॅक्सनी, ब्रेमेन आणि हॅम्बुर्ग या राज्यांनी मिळून मांडली होती. २००१ च्या निवडणुकीनंतर हॅम्बुर्गमध्ये आलेल्या सरकारने त्यातून अंग काढून घेतले. आपली नदी, आपले बंदर, आपणच पुरे. २०१२ मध्ये ते बंदर हॅम्बुर्गविना उघडले. सुरुवातीला ओस पडलेले पाहून हॅम्बुर्गमध्ये अनेकांना हायसे वाटले असेल. तेव्हा हिस्सा ठेवला असता तर मोठे जहाज तिथे आणि रेल्वेचा मुलूख इथे, अशी वाटणी शहराला स्वतःच्या अटींवर करता आली असती.

यात जर्मनीच्या केंद्र सरकारलाही सोडून चालणार नाही. बंदरे ही राज्यांची जबाबदारी असल्याने केंद्र सगळ्या बंदर-राज्यांना मिळून वर्षाला सुमारे ३.८ कोटी युरो देते. निर्यातीवर जगणाऱ्या देशाच्या दारासाठी एवढे. बव्हेरियाची मोटार ज्या धक्क्यावरून जाते, त्याचा गाळ हॅम्बुर्गचा करदाता काढतो.

विक्री

एचएचएलएची मुळे १८८५ मध्ये गोदामनगरीसाठी काढलेल्या कंपनीत आहेत. बुर्खार्डकाइ, टोलरओर्ट आणि आल्टेनवेर्डर हे तीन कंटेनर धक्के तिचे. आल्टेनवेर्डर हे पूर्वी कोळ्यांचे आणि फळबागांचे गाव होते. बंदरासाठी ते रिकामे केले गेले. शेवटचे रहिवासी १९९८ मध्ये निघाले. २००२ मध्ये तिथे चालकाविना गाड्यांचा धक्का सुरू झाला. गावचे चर्च तेवढे ठेवले आहे, स्मशानासकट, कंटेनरांच्या शेजारी.

नोव्हेंबर २००७ मध्ये शहराने कंपनीचा काही भाग शेअर बाजारात विकला, ५३ युरोला एक शेअर. तेजी टिपेला होती. त्यातून बंदरात गुंतवायला पैसा मिळाला. एमएससीने २०२३ मध्ये देऊ केलेला भाव होता १६.७५ युरो. ज्या सामान्य माणसांनी आपल्या बंदराचा शेअर म्हणून हौसेने घेतला आणि सोळा वर्षे जपला, त्यांनी हा आकडा कसा वाचला असेल?

मधल्या काळात चीनची कॉस्को ही जहाज कंपनी आली. २०२१ मध्ये टोलरओर्ट धक्क्यात ३५ टक्के हिस्सा द्यायचा करार झाला. २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, बर्लिनमध्ये गदारोळ उठला. अनेक मंत्रालये विरोधात होती. तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्त्स हे पूर्वीचे हॅम्बुर्गचे महापौर. शेवटी २४.९ टक्क्यांवर तडजोड झाली आणि २०२३ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. या वादात मला एक गोष्ट खटकली. देशभर चर्चा झाली ती मालक चिनी असण्याची. जहाज कंपनीच धक्क्याची मालक होणे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मागेच राहिला. आणि काही महिन्यांतच तो त्याहून मोठ्या रूपात समोर आला.

एमएससीच्या सौद्यात शहराला काय मिळाले? कंपनीत ४५ कोटी युरोंचे नवे भांडवल, दोघा मालकांकडून मिळून. २०३१ पासून वर्षाला किमान १० लाख टीईयू माल आणण्याचे एमएससीचे वचन. तिच्या जर्मन शाखेचे मुख्यालय हॅम्बुर्गच्याच हाफेनसिटी भागात. किमान पाच वर्षे धंद्याच्या कारणावरून कोणाला कामावरून काढायचे नाही. गोदामनगरीच्या इमारती शहराकडेच, त्या सौद्यात नव्हत्याच.

विरोध तीव्र होता. 'वेर्डी' ही कामगार संघटना रस्त्यावर उतरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बुर्खार्डकाइच्या कामगारांनी संघटनेच्या आदेशाचीही वाट न पाहता काम थांबवले. या गोदी कामगारांना इतिहास आहे. १८९६-९७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी अकरा आठवडे संप केला होता आणि उपाशीपोटी हरले होते. त्यांचा आक्षेप साधा होता. आजवर धक्का सगळ्या जहाज कंपन्यांना सारखा. उद्या मालकाचे जहाज आधी लागणार, तर बाकीचे इथे कशाला येतील? आणि ब्रेमरहाफेनच्या एका धक्क्यातही एमएससीचा निम्मा वाटा आहे. मग ती दोन्ही बंदरांना भावात झुंजवणार नाही कशावरून?

सरकारचे उत्तरही साधे होते. महापौर पेटर चेंचर आणि त्यांच्या सोशल डेमोक्रॅट-ग्रीन सरकारचे म्हणणे असे, की आता माल कुठे उतरायचा हे चार-पाच जहाज कंपन्याच ठरवतात. त्यातल्या एकीला बांधून घेतले नाही तर उरलेलाही जाईल. ४ सप्टेंबर २०२४ ला विधानसभेने मंजुरी दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस व्यवहार पुरा झाला.

मी हे प्रकरण वाचतो तेव्हा सरकारला खलनायक ठरवावेसे वाटत नाही. १८८८ मध्ये शहराकडे बिस्मार्कशी घासाघीस करायला काहीतरी होते, म्हणून मुक्त बंदर पदरात पडले. २०२३ मध्ये हातात काय होते? नदी आणखी खोल होत नाही. केंद्र पैसा देत नाही. शेजारच्या बंदरात हिस्सा नाही. राहिली होती ती मालकी, आणि तीच टेबलावर ठेवली गेली. ५०.१ टक्के म्हणजे नावाला बहुमत. जिच्या जहाजांवर धक्का जगतो तिचे मत त्या दशांश टक्क्याने दबत नाही. माझ्या मते चूक विक्रीत कमी आणि ती ज्या घाईने, निविदा न काढता, एकाच ग्राहकाशी बंद दाराआड ठरवली त्यात जास्त आहे. दुसरे कोणी काय दिले असते, हे शहराच्या मालकांना, म्हणजे नागरिकांना, कळलेच नाही.

त्यानंतर

फेब्रुवारी २०२५ पासून मर्स्क आणि हापाग-लॉयड या जहाज कंपन्यांनी 'जेमिनी' नावाने जहाजे एकत्र चालवायला घेतली. मोठी जहाजे मोजक्या बंदरांना लावायची आणि तिथून छोट्या जहाजांनी माल वाटायचा, अशी ही पद्धत. जर्मनीतली त्यांची मोठी बंदरे ठरली ब्रेमरहाफेन आणि विल्हेल्म्सहाफेन. हॅम्बुर्गच्या वाट्याला मुख्यतः छोटी जहाजे आली.

हापाग-लॉयड म्हणजे हॅम्बुर्गचीच कंपनी. १८४७ मध्ये इथे जन्मली. आल्बर्ट बालीनने तिला जगातली सर्वांत मोठी जहाज कंपनी केले. लाखो गरीब युरोपीय तिच्या जहाजांतून अमेरिकेला गेले. मुख्यालय अजून आल्स्टर तलावाकाठी, बालीनच्याच नावाच्या रस्त्यावर आहे. शहराचा स्वतःचा तिच्यात १३.९ टक्के वाटा आहे. मुंबईच्या जे. एम. बक्षी या बंदर कंपनीत २०२३ पासून तिने मोठा हिस्सा घेतला आहे, म्हणजे जहाज कंपनीने धक्का घेण्याची ही चाल आपल्या किनाऱ्यालाही आता नवी नाही. विल्हेल्म्सहाफेनच्या धक्क्यातही तिचे ३० टक्के आहेत. तेच बंदर, ज्यातून हॅम्बुर्गने अंग काढून घेतले होते.

दरम्यान शहर पुढची बांधकामे आखते आहे. आल्टेनवेर्डरकडे जाणाऱ्या वाटेवरचा १९७४ चा कोलब्रांड पूल ५३ मीटर उंचीचा आहे. मोठी जहाजे त्याखालून जात नाहीत. त्या जागी सुमारे ७३ मीटर उंचीचा नवा पूल २०४२ पर्यंत बांधायचे ठरले आहे. खर्चाचा अंदाज ४.४ ते ५.३ अब्ज युरो.

आणि गाळ? तो निघतोच आहे. काही भाग मुखाजवळच्या शारहोर्न बेटाच्या आसपास टाकायच्या विचारावर लोअर सॅक्सनीशी भांडण झाले, कारण तिथून वाडन समुद्राचे संरक्षित क्षेत्र जवळ आहे. बराचसा गाळ हेल्गोलँड बेटाच्या आसपासच्या एका ठरलेल्या जागी नेला जातो. ती हद्द श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याची, म्हणून हॅम्बुर्ग त्यांना मोबदला देते. ड्रेजर बंदरात पोट भरून घेतो आणि ब्लांकनेझे, वेडेल, श्टाडे, ब्रुन्सब्युटेल, कुक्सहाफेन अशा क्रमाने त्याच जलमार्गाने समुद्राकडे निघतो. वाटेत त्याला चीनहून कंटेनर घेऊन येणारे जहाज भेटते. ते भरती साधून वर चाललेले असते.